कच्चा, खुरटा, पोचट आणि अविकसित

अपूर्ण वाढ दर्शविणारी मराठी विशेषणे एका ओळीत मांडली की ती परस्परांचे पर्याय आहेत असा समज सहज होतो. कच्चा, कोवळा, अपक्व, अर्धवट, खुरटा, पोचट, अविकसित या सर्वांना ‘पूर्ण न वाढलेला’ एवढा एकच अर्थ देऊन एखाद्या लघुकोशाचे काम भागेलही. परंतु भाषा बोलणाऱ्याचे त्याने भागत नाही. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे ठाणे वडूज हे येरळा नदीकाठी वसलेले आहे. या भागात रब्बीच्या ज्वारीस शाळू म्हणतात. शाळूच्या कणसास शेतकऱ्याने ‘कोवळे’ म्हणणे आणि ‘पोचट’ म्हणणे यांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या भाकरीचे अंतर असते.

ज्वारीच्या वाढीच्या अवस्थांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत. पीक प्रथम पोटरीत येते, मग निसवते, फुलोऱ्यावर येते, दाण्यात चीक भरतो, त्यानंतर हुरडा होतो आणि शेवटी दाणा टणक होतो. यांतील अखेरची अवस्था सोडली तर प्रत्येक अवस्था अपूर्णच म्हटली पाहिजे. तथापि यांतील एकाही नावात उणेपणाची छटा नाही. हुरडा तर अपुऱ्या वाढीचेच नाव, आणि तो खाण्यासाठी पाहुण्यांना आग्रहाने बोलाविले जाते! चिंच ‘गाभुळते’ आणि आंबा ‘पाडाला येतो’ हे प्रयोगही याच जातीचे होत. ‘कोवळा’ हा शब्द संस्कृत ‘कोमल’पासून आला. श्यामल–सावळा, आमलक–आवळा या जोड्यांत दिसणारा ‘म’चा ‘व’ आणि ‘ल’चा ‘ळ’ येथेही झाला आहे. देशावरील बोलीत त्याचे ‘कवळा’ असे रूप ऐकू येते. मूळ अर्थ मऊपणाचा. त्यावरून वयाचा अर्थ नंतर निघाला.

‘कच्चा’चा संसार याहून मोठा. कच्चे फळ, कच्चा रस्ता, कच्चा मसुदा, कच्चा माल, कच्ची पावती, गणितात कच्चा मुलगा, खेळातले कच्चे लिंबू असा हा शब्द घराघरांत आणि कचेऱ्यांत वावरतो. ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही त्यास ‘कच्चा कैदी’ म्हणतात. येथे माणसात काही अपुरे नसून प्रक्रिया अपुरी आहे, आणि हेच ‘कच्चा’चे खरे लक्षण होय. पुढची पायरी ठरलेली आहे, ती अद्याप आलेली नाही, एवढेच हा शब्द सांगतो. ‘अर्धवट’ याच्या जवळचा असला तरी तो बहुधा मनुष्याने हाती घेतलेल्या कामास लागतो, आणि थेट मनुष्यालाच लावला तर शिवी होतो.

या गटाची विभागणी करण्यास एक साधी कसोटी पुरते. विशेषणापूर्वी ‘अजून’ हे क्रियाविशेषण घालून पाहावे. ‘आंबा अजून कच्चा आहे’, ‘काकडी अजून कोवळी आहे’ ही वाक्ये स्वाभाविक वाटतात. त्यांत ‘थांबा, होईल’ असा आशय आहे. ‘दाणा अजून पोचट आहे’ हे मात्र कोणी म्हणत नाही, कारण पोचट दाणा पुढे भरणार नसतो. बाहेरून कोंड्याचे आवरण शाबूत, आत काही नाही, अशी ती अवस्था. म्हणूनच पोचट युक्तिवाद किंवा पोचट काव्य असे म्हणता येते. ‘रोप अजून खुरटे आहे’ हे वाक्यही कानाला खटकते. ‘खुरटेच’ असा ‘च’ जोडला तर ते चालते. पण तेव्हा त्यात प्रतीक्षा न राहता तक्रार येते.

‘खुरटा’चे दुसरे वैशिष्ट्य असे की त्यास क्रियापद आहे. ‘कच्चा’ वा ‘कोवळा’ यांपासून तसे क्रियापद झाले नाही, कारण कोणतीही वस्तू मुळात कच्चीच असते, ती कच्ची ‘होत’ नाही. याउलट रोप ‘खुरटते’. ते पाण्यावाचून खुरटते, सावलीने खुरटते, तणामुळे खुरटते; क्रियापद आले की कारणही मागोमाग येते. ‘खुंटणे’चेही असेच आहे, आणि त्याचे प्रयोजक रूप ‘खुंटविणे’ वापरले तर वाढ अडविणाराही वाक्यात उभा करता येतो. ‘खुजा’ मात्र या पंक्तीतला नव्हे. संस्कृत ‘कुब्ज’, प्राकृत ‘खुज्ज’ असा त्याचा प्रवास आहे. मुळात तो पाठीच्या कुबडाचा वाचक होता. मराठीत तो उंचीच्या उणेपणाकडे वळला. खुजे झाड जातीनेच तसे असू शकते, खुरटे झाड तसे नसते.

‘पीक’ हा शब्दही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. संस्कृत ‘पक्व’, प्राकृत ‘पिक्क’, त्यावरून ‘पिकणे’ आणि ‘पीक’. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता जे पिकले तेच पीक. ‘खुरटे पीक’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने वदतोव्याघात ठरेल. पण अवर्षणाच्या मुलुखात तो रोजच्या बोलण्यातला आहे.

आता ‘अविकसित’. संस्कृतात ‘वि + कस्’ म्हणजे उमलणे, आणि ‘अविकसित’ म्हणजे न उमललेले, अर्थात कळी. डेव्हलपमेंट या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थही गुंडाळी उलगडणे असाच आहे. दोन्हींत कल्पना एकच: आत जे आहे ते यथाकाल बाहेर येईल. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात जगातील निर्धन प्रदेशांचा उल्लेख ज्या विशेषणाने केला, त्यासाठी मराठीत अविकसित, अल्पविकसित असे शब्द चालले आणि पुढे ‘विकसनशील’ आला. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या, आणि ‘गटविकास अधिकारी’ या पदनामाबरोबर ‘विकास’ तालुक्याच्या ठिकाणी पक्का झाला.

वरील कसोटी येथे लावली असता ‘हा तालुका अजून अविकसित आहे’ हे वाक्य बिनतक्रार उतरते. म्हणजे ‘अविकसित’ हे विशेषण कच्च्या आंब्याच्या रांगेत बसते, खुरट्या रोपाच्या नव्हे. कळीला उमलण्यास वेळ लागतो, त्यात दोष कोणाचा? खटाव तालुक्यास हे रूपक कितपत लागू पडते, हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील खटाव-माणकडे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. निसर्गाचा हा भाग झाला. कृष्णा खोऱ्यातले पाणी कोणत्या बाजूस आधी वळवावयाचे, हा निर्णय मात्र मनुष्याचा. अशा प्रदेशाची अवस्था ‘खुरटणे’ या क्रियापदाने अधिक नेमकी सांगितली जाते, कारण ‘कशाने?’ हे विचारल्यावाचून ते वाक्य पुरे वाटत नाही.

शासकीय परिभाषेत या प्रश्नाच्या जवळ जाणारा शब्द एकच दिसतो, तो ‘अनुशेष’. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर तो मराठी राजकारणात रूढ झाला. ‘शेष’ म्हणजे उरलेले. अनुशेष ‘उमलत’ नाही. तो भरून काढावा लागतो, आणि भरून काढणारा कोणीतरी कर्ता वाक्यात असावाच लागतो. शब्द योग्य होता, पण समितीने मापासाठी जिल्हा हे एकक घेतले, आणि जिल्ह्याच्या सरासरीत महाबळेश्वर व वडूज ही दोन्ही गावे एकाच आकड्यात बसतात.