एका दिवसात पाहिलेलं शहर: प्रत्यक्ष किती, शब्द किती?

मागच्या वेळी आपण प्रमाणांची ओळख करून घेतली. 'मला हे माहीत आहे' असं आपण म्हणतो ते कशाच्या बळावर, हा तो प्रश्न. आज त्यातली दोनच प्रमाणं घेऊ, प्रत्यक्ष आणि शब्द. उदाहरण म्हणून एक सहल घेऊ.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं बाल्टिक समुद्रातल्या क्रूझवर गेलो होतो. त्यात एक दिवस सेंट पीटर्सबर्गचा. तेव्हा क्रूझच्या प्रवाशांना तिथे ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे, पण मान्यताप्राप्त सहल कंपनीबरोबरच फिरावं लागे. सकाळी वासिलेव्स्की बेटावरच्या धक्क्यावर उतरलो. पासपोर्टवर शिक्का, छातीवर बसचा नंबर, कानात गाइडबाईंचा आवाज. संध्याकाळी बोटीवर परत. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "आम्ही सेंट पीटर्सबर्ग पाहिलं." हे वाक्य आता जरा तपासू या.

पहिलं ठिकाण हर्मिटेज. नेवा नदीच्या काठावरचा झारचा हिवाळी राजवाडा आणि शेजारच्या इमारती मिळून झालेलं हे संग्रहालय. वस्तू तीस लाखांच्या आसपास. एका वस्तूला एकच मिनिट दिलं आणि रोज आठ तास पाहत राहिलं, तरी सतरा वर्षं लागतील. आम्हाला दोन तास होते. मग काय पाहायचं हे कोण ठरवणार? अर्थातच गाइडबाई.

त्यांनी रेम्ब्राँटच्या एका चित्रासमोर उभं केलं. घर सोडून गेलेला, सगळं उधळून परत आलेला मुलगा बापापुढे गुडघे टेकून बसला आहे. आम्हाला दिसला अंधार, लाल वस्त्र, मुलाचा झिजलेला तळपाय. बाई म्हणाल्या, "बापाचे दोन हात नीट बघा. एक रुंद, पुरुषाचा वाटतो. दुसरा नाजूक, आईचा वाटतो." आणि ते दिसलं! क्षणापूर्वी डोळे तेच होते, चित्रही तेच होतं. मग हे दिसणं डोळ्यांचं की शब्दांचं?

या प्रश्नाचा एक मोठा अभ्यासक त्याच शहरातला. फ्योदोर श्चेर्बात्स्की. १९१०-११ मध्ये ते भारतात आले होते, मुंबईत पंडितांजवळ बसून न्यायशास्त्र शिकले. बौद्ध तर्कशास्त्रावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३० ते ३२ या काळात याच शहरात छापला गेला. तेव्हा शहराचं नाव होतं लेनिनग्राड. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांचं म्हणणं त्यांनी युरोपपुढे मांडलं. ते म्हणणं थोडक्यात असं: इंद्रियांना जो निव्वळ स्पर्श होतो तेवढंच प्रत्यक्ष. 'हा बाप', 'हा आईचा हात' हे सगळं त्यावर मनानं चढवलेलं, म्हणजे विकल्प. हा हिशेब लावला तर आमच्या त्या दिवसात प्रत्यक्ष फारच थोडं उरतं.

पण याच इमारतीत घडलेली दुसरी गोष्ट ऐका. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य जवळ आलं, तेव्हा दहा लाखांहून जास्त वस्तू आगगाड्यांनी उरल पर्वताकडे, स्वेर्दलोव्स्कला हलवल्या. रिकाम्या चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या. पुढे वेढ्याच्या काळात काही तरुण सैनिक संग्रहालयाच्या मदतीला आले. पावेल गुबचेव्हस्की नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्यानं त्यांना दालनांतून फिरवलं आणि रिकाम्या चौकटींपुढे उभं राहून एकेक चित्र सांगितलं. कुठे काय होतं, रंग कसे होते, प्रकाश कुठून येत होता. इथे प्रत्यक्ष शून्य, सगळा शब्द. त्या मुलांना काहीच कळलं नाही, असं म्हणायची आपली तयारी आहे का? आमची तरी नाही.

म्हणून नैयायिकांकडे जाऊ. विश्वासू माणसाचा, आप्ताचा शब्द हे ते स्वतंत्र प्रमाण मानतात. आप्त कोण? वात्स्यायनाची कसोटी अशी की, त्याला गोष्ट स्वतः नीट माहीत असावी आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, कसोटी एकच. म्हणजे गाइडही आप्त असू शकते. मात्र कसोटीला उतरली तर.

दुपारी बस नेव्हस्की प्रॉस्पेक्टवरून चालली होती. दुकानं, पूल, राजघराण्याच्या गोष्टी. चौदा नंबरच्या इमारतीवर निळ्या पट्टीत पांढरी अक्षरं दिसली. कुणीतरी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, "हे आपल्या कार्यक्रमात नाही, पण सांगते." तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची, अशी ती सूचना. गोळे दक्षिणेकडून येत, म्हणून उत्तरेच्या बाजूला जास्त पडत. वेढा ८७२ दिवसांचा. १९४१ च्या हिवाळ्यात काम न करणाऱ्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. लाखो लोक गेले, बहुतेक उपासमारीनं. पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमीत त्यातले सुमारे ४ लाख २० हजार नागरिक आहेत. आमची बस तिथे जाणार नव्हती.

ती पाटी म्हणजे शब्दप्रमाणच की! त्या शब्दावर विश्वास ठेवून लोक समोरच्या बाजूनं चालले आणि वाचले. तिथे प्रत्यक्षाची वाट बघत कोण उभं राहील?

पण विचार करा, कुणी विचारलंच नसतं तर? बाईंनी दिवसभर एकही खोटं वाक्य न बोलता आम्हाला फक्त सोनेरी शहर दाखवून परत धाडलं असतं. तेव्हा जे सांगितलं ते खरं का, एवढं विचारून भागत नाही. काय सांगितलं नाही, आणि ते कुणी ठरवलं, हेही विचारावं लागतं. वात्स्यायनाच्या कसोटीत आम्ही एवढी भर घालू.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य कंपन्यांच्या बोटी तिथे जायच्या बंद झाल्या. आता त्या देशाबद्दल, त्या युद्धाबद्दल बहुतेकांच्या हाती शब्दच आहेत, सगळ्या बाजूंनी येणारे. म्हणजे आपण सगळेच कानात यंत्र घालून बसमध्ये बसलो आहोत. शब्द टाकून देता येणार नाही, कारण त्याच्याशिवाय चालत नाही. खिडकीबाहेर एखादी निळी पाटी दिसली तर विचारायचं मात्र सोडू नये.

आम्ही आता सांगताना वाक्य थोडं बदललं आहे: "सेंट पीटर्सबर्गला एक दिवस गेलो होतो. थोडं पाहिलं, बरंच ऐकलं." इथे थांबू. तुमचे प्रश्न घेऊ या.