निस्सय आणि आजचा संशोधक विद्यार्थी

विनयपिटकातील महावग्गात ‘निस्सय’ ही संज्ञा येते. निस्सय म्हणजे आश्रय. नवदीक्षित भिक्षूने अनुभवी भिक्षूच्या सान्निध्यात राहून शिकण्याची व्यवस्था. दलित-आदिवासी समाजातून प्रथमच विद्यापीठात आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचा विचार करताना ही जुनी व्यवस्था आम्हांस मार्गदर्शक वाटते.

आरक्षणामुळे विद्यापीठाचे दार उघडले. तथापि प्रवेश आणि आश्रय या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याच्या घरात पूर्वी कोणी प्रबंध लिहिला नाही, त्यास विषय कसा निवडावा, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा करावा, हे कोण सांगणार? इतरांस हे ज्ञान घरातून आणि ओळखीपाळखीतून सहज मिळते.

आर्थिक आधार तुटला तर काय होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अध्ययन चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. असामान्य पुरुषालाही जी अडचण आली, ती सामान्य विद्यार्थ्याने एकट्याने ओलांडावी अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

२००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. हे मोलाचे पाऊल होते. परंतु केवळ धनाने एकाकीपण जात नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसंबंधी प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिलेल्या अहवालात, वसतिगृहातील अलगाव आणि अध्यापकांकडून मिळणारी असमान वागणूक यांची नोंद आहे.

येथे निस्सयाचे नियम लक्षात घ्यावेत. उपाध्यायाने सद्धिविहारिकास, म्हणजे शिष्यास, पुत्रवत् मानावे. त्यास पाठ द्यावा, प्रश्नांची उत्तरे द्यावीत, पात्र-चीवर नसल्यास ते मिळवून द्यावे, आजारात शुश्रूषा करावी. योग्य वर्तन करणाऱ्या शिष्यास दूर लोटणे हा गुरूचाच दोष मानला आहे. उपाध्याय निघून गेल्यास वा मृत झाल्यास शिष्य निराश्रित होऊ नये, म्हणून दुसऱ्या आचार्याचा आश्रय घेण्याची सोय आहे. समर्थ भिक्षूसही किमान पाच वर्षे आश्रयात राहण्यास सांगितले आहे. म्हणजे आश्रय घेणे हे दुर्बलतेचे लक्षण नव्हे.

यावरून विद्यापीठीय विभागांनी काय करावे, हे स्पष्ट होते. मार्गदर्शकाच्या भेटीचे दिवस ठरलेले असावेत. मार्गदर्शक निवृत्त झाल्यास पर्यायी मार्गदर्शक पूर्वीच निश्चित असावा. अधिछात्रवृत्तीची रक्कम थकल्यास विभागाकडे आकस्मिक निधी असावा. वरिष्ठ संशोधकांनी नव्यांस टिपणे काढण्यापासून प्रबंधलेखनापर्यंत साहाय्य करावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती मार्गदर्शकाहून भिन्न असावी. अन्यथा तक्रार करणारा आपले भवितव्यच पणाला लावतो.

निस्सयात आश्रय ही गुरूची कृपा नसून त्याचे कर्तव्य आहे. विद्यापीठांनी हा भेद ओळखला, तर संशोधक विद्यार्थ्यास कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहता आपला प्रबंध पूर्ण करता येईल.