बुधवारी रात्री आठ वाजता

आपल्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी वडीलधारे असतील, तर बुधवारी रात्री आठ वाजता ते काय करीत असत, हे त्यांना एकदा अवश्य विचारावे. घर नागपुरात असो, इंदुरात असो की बडोद्यात, उत्तर बहुधा एकच मिळेल: ‘रेडिओपाशी बसत असू.’ ज्याच्या घरी रेडिओ नसे, तो शेजाऱ्याच्या ओसरीवर जाई किंवा पानाच्या दुकानापुढे उभा राही. लघुलहरींच्या खरखरीतून हिंदी चित्रपटांतील गाणी येत. ती कोलंबोहून प्रक्षेपित होत. सादर करणारा आवाज मात्र मुंबईचा, अमीन सयानी यांचा असे.

गाणी आपली, गाणारे आपले आणि ऐकणारेही आपलेच. मग ती समुद्र ओलांडून का यावीत? १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत उपासक. आकाशवाणीने लोकांच्या अभिरुचीला वळण लावावे, अशी त्यांची धारणा होती, आणि चित्रपटगीतांना तेथे जवळजवळ मज्जाव झाला. या धोरणाने शास्त्रीय गायकवादकांना मोठा आधार दिला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु रेडिओची खुंटी श्रोत्याच्या हाती असते, ही साधी गोष्ट त्या हिशेबात धरलेली दिसत नाही. श्रोत्यांनी ती फिरवली आणि काटा रेडिओ सिलोनवर नेला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले तेथील सामर्थ्यवान प्रक्षेपणयंत्र आता जाहिरातदारांच्या पैशावर गाणी वाजवीत होते.

अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी प्रौढ साक्षरतेच्या कार्याला वाहून घेतले होते. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढीत. त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी आणि लिपी तीन: देवनागरी, उर्दू व गुजराती. या पत्राच्या कामात मुलगा आईला हातभार लावी. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला कळेल असे वाक्य कसे रचावे, हे त्याला घरातच शिकायला मिळाले.

असे असूनही आकाशवाणीच्या हिंदी विभागाने त्यांना नाकारले. वाचन चांगले, पण उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असे कारण मिळाल्याचे ते पुढे सांगत. वडीलबंधू हमीद हे इंग्रजी निवेदक होते. त्यांच्यामुळे रेडिओचा नाद लागला होता तो सुटला नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना ते रेडिओ सिलोनसाठी होणाऱ्या ध्वनिमुद्रणांना जाऊन बसू लागले. ‘ओव्हल्टीन फुलवारी’ या कार्यक्रमात निवेदनाची संधी मिळाली, तेव्हा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे मोबदला होता आठवड्याला ओव्हल्टीनचा एक लहान डबा! रोख रक्कम नाही. बिनपगारी हौशी म्हणावा असा हा प्रारंभ.

त्यानंतर ‘बिनाका गीतमाला’ हाती आली. निवेदन करणे, संहिता लिहिणे आणि श्रोत्यांची पत्रे तपासणे या तिन्ही कामांचे मिळून आठवड्याला पंचवीस रुपये. इतक्या थोडक्यात हे करायला दुसरे कोण तयार होणार? ३ डिसेंबर १९५२ रोजी पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांना विसावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस उरले होते. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमाने लावून पाठवायची आणि अचूक उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस. पहिल्याच खेपेस नऊ हजार पत्रे आली; वर्षाच्या आत हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असे ते सांगत. तपासणारा एकच! शेवटी १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांची क्रमवारीच सादर होऊ लागली. ध्वनिमुद्रिकांचा खप आणि श्रोतृसंघांची पसंती यांवरून ती ठरे. क्रमांकाला त्यांनी ‘पायदान’ हा घरगुती शब्द घेतला, म्हणजे आपली पायरी. अनुवादाची नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला या निवडीचा हेवाच वाटतो. ‘बहनों और भाइयों’ या संबोधनात भगिनींचा मान पहिला असे, तोही आमच्या सभांतील वक्त्यांना सुचला नव्हता.

मराठी वाचकांना आवडेल अशी एक नोंद येथे द्यायला हवी. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी आलेले गीत ‘अनारकली’ चित्रपटातले होते, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि गायिका लता मंगेशकर. ज्या गाण्यांमुळे अभिरुची बिघडेल अशी भीती वाटत होती, त्यांतले हे एक. आज ते ऐकून कोणी आपल्या मुलांना कान झाकायला सांगेल काय?

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीते घरी परतली. केसकर तेव्हाही मंत्रिपदावर होते. गीतमाला मात्र कोलंबोहून १९८८ पर्यंत चालू राहिली. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत तेथे चालली. ज्या संस्थेने तरुणपणी उच्चारांवरून परत पाठवले, तिच्याच केंद्रांवरून आता या निवेदकाची गीतमाला ऐकू येऊ लागली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.