मौनाची परिभाषा : सायकल-शर्यतीतील उत्तेजक द्रव्ये आणि तालमीतील ‘खुराक’

मौन म्हणजे शब्दांचा अभाव, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाला मात्र ती पुरेशी वाटत नाही. एखादा समाज एखादी गोष्ट वर्षानुवर्षे दडवून ठेवतो, तेव्हा तो गप्प बसलेला नसतो. त्या गोष्टीविषयी बोलण्यासाठी त्याने एक निराळी परिभाषा घडविलेली असते. युरोपातील व्यावसायिक सायकल-शर्यतींत उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाभोवती असेच एक मौन उभे राहिले. त्याला ‘ओमेर्ता’ हे नाव मिळाले. हा शब्द मूळचा दक्षिण इटलीतील गुन्हेगारी टोळ्यांच्या व्यवहारातला. टोळीबाहेर, विशेषतः सरकारी अधिकाऱ्यापुढे, तोंड न उघडण्याचा दंडक असा त्याचा अर्थ आहे.

हा दंडक का निर्माण झाला, हे त्या व्यवसायाच्या स्वरूपावरून उमगते. अमरावतीहून अकोला सुमारे शंभर किलोमीटर आहे. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत सायकलस्वार तीन आठवड्यांत २१ टप्पे पार करतात आणि कित्येक टप्प्यांची लांबी या अंतराच्या दीडपट ते दुप्पट असते. वाटेत आल्प्स व पिरेनीज पर्वतांचे घाट लागतात. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू पर्वताची चढण चढताना इंग्लंडचा टॉम सिम्प्सन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. हे द्रव्य थकवा नाहीसा करीत नाही. थकव्याची जाणीव तेवढी बोथट करते. वैशाखातील अकोल्याचे ऊन ज्याने अनुभवले आहे, त्याला अशा उन्हात ही जाणीव हरपण्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. पुढे १९९० च्या दशकात ‘एरिथ्रोपोएटिन’ हे संप्रेरक प्रचारात आले. त्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात व स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. पण रक्त दाट होऊन जिवावर बेतू शकते. सन २००० पर्यंत त्याची थेट चाचणीच उपलब्ध नव्हती.

या काळातील सायकलस्वारांची बोली लक्षणीय आहे. द्रव्यसेवनाला ‘तयारी’ म्हणत. टायलर हॅमिल्टन या सायकलस्वाराने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनानुसार त्याच्या संघात एरिथ्रोपोएटिनला ‘एडगर’ हे टोपणनाव होते. कारण त्या द्रव्याच्या आद्याक्षरांवरून एडगर अॅलन पो या लेखकाचे नाव सुचे. जो काहीही न घेता शर्यतीत उतरे, त्याला स्पॅनिशमधील ‘भाकरी आणि पाणी’ या शब्दांवरून नाव पडले होते. येथे एक उलटापालट ध्यानात घेतली पाहिजे. नियमभंगाला साधे घरगुती नाव मिळाले. आणि नियमपालन हेच वेगळे नाव देण्याजोगे, अपवादात्मक ठरले. नियामक संस्थेची भाषाही याहून फार दूर नव्हती. १९९७ साली रक्तपेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. ती ओलांडणाऱ्याला दोषी न म्हणता प्रकृतीच्या कारणास्तव दोन आठवड्यांची विश्रांती सांगितली जाई.

ही परिभाषा मोडणाऱ्याला शिक्षा मिळे. ८ जुलै १९९८ रोजी फेस्तिना संघाचा मालिशकार विली व्होएट फ्रान्सच्या सीमेवर द्रव्यांनी भरलेल्या मोटारीसह पकडला गेला. एवढे होऊनही दुसऱ्या वर्षी क्रिस्तोफ बासाँ या फ्रेंच सायकलस्वाराने वृत्तपत्रातून संशय व्यक्त केला, तेव्हा इतरांनी त्यालाच एकटे पाडले आणि त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली. फिलिपो सिमेओनी याने एका डॉक्टराविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ साली लान्स आर्मस्ट्राँगने त्याचा भर शर्यतीत पाठलाग केला व नंतर ओठ बंद करण्याची खूण केली. अशा बोलणाऱ्यावर फ्रेंचमध्ये ‘सूपमध्ये थुंकला’ असा ठपका येतो. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा मराठी वाक्प्रचार त्याच्याच जातीचा आहे. दोहोंतही सत्य काय आहे हा प्रश्न बाजूस पडून कृतज्ञतेचा प्रश्न पुढे येतो.

ही जात केवळ परदेशी नाही. वऱ्हाडाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकार दाखविले. तालमीच्या परंपरेत ‘खुराक’ म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आणि तो ठरविण्याचा अधिकार वस्तादाचा. आजच्या व्यायामशाळेत ‘पावडर’, ‘कोर्स’ हे शब्द त्याच्या शेजारी येऊन बसले आहेत. स्टेरॉइडच्या काही आठवड्यांच्या मात्राक्रमाला तर ‘सायकल’च म्हणतात. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन व्यायाम करणाऱ्या तरुणांना बेकायदा विकल्याची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. खुराकाविषयी वस्तादाला उलट विचारू नये, हा जुना संकेत अशा वेळी घातक ठरतो.

क्रियापदाच्या निवडीलाही येथे महत्त्व आहे. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकपूर्वी चाचणीत दोषी आढळला. आपल्या अन्नात द्रव्य मिसळले गेले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेच्या समितीने ते मान्य केले. परंतु १८ ऑगस्ट २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. ‘द्रव्य घेतले’, ‘द्रव्य दिले गेले’ आणि ‘द्रव्य सापडले’ ही तीन वाक्ये एकाच घटनेची असू शकतात. पैकी नियमभंग सिद्ध होण्यास ‘सापडले’ एवढे पुरते. ‘घेतले’ की ‘दिले गेले’ हा वाद शिक्षेचे मान ठरविताना येतो. कर्ता गाळलेल्या वाक्याने खेळाडूची सुटका होत नाही, हे त्याला आधीच कळले पाहिजे.

आर्मस्ट्राँग अनेक चाचण्यांतून निसटला होता. २०१२ साली त्याची १९९९ ते २००५ या काळातील सात विजेतेपदे रद्द झाली, ती मुख्यतः साक्षींच्या बळावर. २६ जणांनी साक्ष दिली व त्यांत त्याचे ११ माजी सहकारी होते. जे प्रयोगशाळेला जमले नव्हते, ते कर्त्यासह उच्चारलेल्या साध्या वाक्यांनी घडविले.

वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी पोलीस वा सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाची अशी चाचणी सहसा कोणी घेत नाही. त्याच्या हाती दिलेल्या कुपीला ‘ताकदीचे औषध’ म्हणतात की तिचे खरे नाव सांगतात, यावर त्याचे हृदय व यकृत अवलंबून राहते. म्हणून बोलींच्या सर्वेक्षणाला निघालेल्या विद्यार्थ्याने शेती व स्वयंपाकाच्या शब्दांबरोबर व्यायामशाळेतील शब्दही टिपावेत, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याने झाकलेल्या द्रव्याचे नाव लिहावे.