फिंगरस्टाईलसाठी नायलॉनची गिटार घ्यायचीय? मग रंग आणि ऑफर नाही, या गोष्टी बघा

रील स्क्रोल करताना कुणीतरी पिक न वापरता नुसत्या बोटांनी गिटारवर अख्खं गाणं वाजवताना दिसतं. चाल, ठेका, बेस, सगळं एकाच गिटारमधून. मग डोक्यात किडा वळवळतो, आपणही शिकायचं. ऑनलाइन शोधलं की स्वस्तातल्या गिटारची रांग लागते. सोबत बॅग, पट्टा, पिक फुकट. ऑर्डर होते, महिनाभर बोटं दुखतात आणि गिटार कपाटावर जाते.

दरवेळी यात चूक शिकणाऱ्याची नसते. बऱ्याचदा गिटारच चुकीची निवडलेली असते.

आधी कान, मग खिसा

फिंगरस्टाईल म्हणजे बोटांनी वाजवण्याची पद्धत. ती नायलॉनवरही होते आणि स्टीलवरही. टॉमी इमॅन्युएलसारखा दिग्गज प्रामुख्याने स्टीलच्या तारांवर वाजवतो. त्यामुळे आवडलेल्या व्हिडिओतला आवाज नीट ऐका. खणखणीत, चमकदार वाटला तर ती बहुधा स्टील. गोल, मऊ, उबदार वाटला तर नायलॉन.

पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनायच्या. दुसऱ्या महायुद्धात तो माल ऑपरेशनच्या टाक्यांसाठी लागू लागला आणि तारांची टंचाई झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि पुढे त्याच रूढ झाल्या.

नायलॉनचा फायदा काय?

तारा मऊ असल्याने नवशिक्याची बोटं कमी सोलवटतात. दुसरा फायदा जागेचा. नायलॉनच्या क्लासिकल गिटारची मान नटपाशी, म्हणजे जिथे मान संपून खुंट्यांचा भाग सुरू होतो तिथे, साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते. स्टीलच्या गिटारमध्ये हीच रुंदी ४३ मिलिमीटरच्या आसपास. तारांमध्ये अंतर जास्त असल्याने उजव्या हाताची बोटं एकमेकांत अडकत नाहीत. डाव्या हाताला मात्र सुरुवातीला ताण येतो. हात लहान असेल तर ४८ मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या 'क्रॉसओव्हर' गिटार मिळतात. लहान मुलांसाठी यामाहा सीएस ४० सारख्या छोट्या आकाराच्या गिटार आहेत.

ही चूक करू नका

आवाज मोठा यावा म्हणून काहीजण नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावतात. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो. स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या पुढे जातो. क्लासिकल गिटारचं वरचं लाकूड तेवढ्यासाठी बनलेलंच नसतं. ब्रिज उखडतो, मान वाकते. बहुतेक क्लासिकल गिटारच्या मानेत ताण सांभाळणारा ट्रस रॉड नसतो, त्यामुळे वाकलेली मान सरळ करणं खर्चिक पडतं.

नायलॉनच्या सेटमधल्या तीन तारा पारदर्शक प्लॅस्टिकसारख्या दिसतात. उरलेल्या तीन जाड तारांवर धातूचं वेटोळं असतं. ते बघून त्या स्टीलच्या आहेत असं समजू नका.

लॅमिनेट की सॉलिड टॉप?

किमतीतला मोठा फरक इथे पडतो. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून, म्हणजे टॉपमधून येतो. स्वस्त गिटारमध्ये ती पातळ थर चिकटवून केलेली असते, म्हणजे लॅमिनेट. सॉलिड टॉपमध्ये ती अखंड लाकडाची असते, जास्त मोकळी कंप पावते.

ओळखायचं कसं? मधल्या गोल भोकाची कड बघा. लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरल्या तर सॉलिड, सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट.

यामाहा सी ४० ही लॅमिनेट टॉपची, जगभर नवशिक्यांना सुचवली जाणारी गिटार. त्याच कंपनीची सीजी १२२ किंवा कॉर्डोबा सी ५ यांना सॉलिड टॉप आहे, पण पैसेही बरेच जास्त लागतात. शिकायला लॅमिनेट वाईट नाही. उलट कोकण-मुंबईचा दमट पावसाळा आणि विदर्भाचा कोरडा उन्हाळा ती जास्त निमूटपणे सोसते.

दुकानात या चार गोष्टी तपासा

१. तारांची उंची : बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण ४ मिलिमीटर आणि बारीक तार ३ मिलिमीटर वर हवी. त्याहून फार जास्त असेल तर बोटं दुखणारच.

२. सूर : मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप लावा. मोकळी तार जुळवून तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. काटा बराच हलला तर ती गिटार कधीच नीट सुरात लागणार नाही.

३. खरखर : प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कुठे झणझण येते का बघा.

४. ब्रिज आणि मान : ब्रिजच्या मागे फट नको. मान डोळ्यासमोर धरून पीळ पडलाय का बघा.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत बघा आणि बॉक्स उघडल्याच्या दिवशीच हे तपासा. नव्या नायलॉन तारा मात्र पहिले काही दिवस ताणत राहतात आणि सारख्या उतरतात. तो दोष नाही.

पैसे कुठे घालायचे?

बजेट कमी असेल तर चांगल्या सेटअपची लॅमिनेट गिटार घ्या. फुकटच्या बॅगेचा मोह सोडा. थोडे पैसे उरले तर चांगल्या तारांचा सेट लावा आणि जाणकाराकडून तारांची उंची कमी करून घ्या. एवढ्यानेही साधी गिटार बदलल्यासारखी वाटते. सॉलिड टॉपचा विचार रोजचा सराव सुरू झाल्यावर करा. तोवर आपल्याला कुठला आवाज हवाय, हे कानालाही कळलेलं असतं.