एक पौंडाची मजुरी

मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुरापेक्षाही वाईट राहावी, नाहीतर माणसे आळशी होतील, असे इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचे तत्त्व होते. कलकत्त्याच्या ब्रिटिश सरकारने हाच संशय दुष्काळी कामांवर आणला. १८७४ मध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून बिहारला दुष्काळातून वाचवणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलवर उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ च्या दुष्काळात त्यानेच मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले. दिवसभर खडी फोडून अर्धा किलोही धान्य नाही! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने मदत ही सरकारची जबाबदारी मानली, पण कामाची अट सोडली नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही काम राहिले. मात्र ते मागणे हा आता मजुराचा हक्क ठरला.