नुक्ता आणि हरवलेली फाइल

मी बी.ए. झालेला कवी, संगणक काही माझा विषय नव्हे. पण एकदा माझीच फाइल मला सापडेना. मित्राच्या संगणकावर लिहून आणलेली 'ग़ज़ल' नावाची फाइल डोळ्यांसमोर दिसत होती. तेच नाव टाइप करून उघडायला गेलो, तर उत्तर आले, अशी फाइलच नाही!

घोळ नुक्त्याचा होता. युनिकोडमध्ये 'ज़' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्यासकट तयार अक्षर. दुसरा, आधी 'ज' आणि मागून नुक्ता. यूटीएफ-८ पद्धतीत पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. आपल्या 'वाऱ्यावर'मधल्या 'ऱ'चेही तसेच. डोळ्याला दोन्ही सारखे. शोधणारी यंत्रणा मात्र बाइट जुळवते.

"नुक्ता काढून टाका," मित्र म्हणाला. पण मग 'राज़' म्हणजे गुपित, त्याचे 'राज' म्हणजे राज्य होईल!

खरा उपाय म्हणजे, जुळवण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणणे. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल-व्यवस्थेत ठरावीक फोल्डरांपुरती ही सोय २०१९मध्ये आली. तिथे नुसती तुलना सुधारून भागत नाही. मोठ्या फोल्डरात नावावरून एक आकडा काढून त्या आकड्याच्या कप्प्यातच फाइल शोधतात. तो आकडाही त्याच एका रूपावरून काढावा लागतो. नाहीतर शोध भलत्याच कप्प्यात!

डिस्कवर नाव मात्र मालकाने लिहिले तसेच राहते. मला हेच आवडले. ओळख पटावी म्हणून कुणाला आपले नाव बदलावे लागत नाही.